पंचशीलाच्या काचा

धुतलेली काच साफ हाय का न्हाई, हे बघायची पंचशीलाची एक रीत होती. चिमट्यात धरून काच जरा तिरपी करायची आन् वरून पाणी सोडायचं. पाणी एकसारखं पसरलं तर काच साफ. कुठं थेंब धरला, पाणी फाटलं, की ती काच पुन्हा तेजाबात. नखासारख्या पातळ काचा, दिवसाला चाळीस-पन्नास, आन् एकेकीची अशी परीक्षा. मी म्हणायचो, पोरी, एवढं तर सोयरीक जुळवताना पोरगी बी कुणी बघत न्हाई. ती हसायची आन् पुढची काच उचलायची. त्या पोरीला घाणेरड्या कामाचा ठपका ठिवून घालवलं बगा. दोन वर्षं व्हायला आली, माझं डोकं अजून ठिकाणावर येईना.

मी माणिकप्पा, बिदरकडल्या ठाणाकुशनूरचा. बापाची मेंढरं होती. मी गुलबर्ग्याच्या बाहेर एका संशोधन केंद्रात शिपाई म्हणून लागलो त्याला एकतीस वर्षं झाली. कागदावर आता कलबुर्गी, पण आमच्या तोंडात गुलबर्गाच. दारं उघडायची, चहा आणायचा, मशिनीवरची धूळ झटकायची, हे माझं काम. शिकलो सातवी. पण एकतीस वर्षं शहाण्या माणसांच्या मागं उभं राहिलं की कानावर पडतंयच की काही न काही.

पंचशीला बी तिकडचीच, कमठाणा गावची. बाप नागसेन गवंडी. आई चांगुणाबाई अंगणवाडीत मदतनीस, लेकरांचा स्वयंपाक तिच्याकडं. ती नवी लागली तवा गावातल्या चार घरांनी लेकरं उपाशी घरी नेली, पण तिच्या हातचं खाऊ दिलं न्हाई. पुढं सगळं निवलं, पण वर्ष गेलं त्यात. पंचशीलानं हे मला हसत हसत सांगितलतं, आन् मी बी हसलो होतो. आता आठवलं की लाज वाटती. पोरगी रसायनात एम.एस्सी. झाली, आमच्याकडं अकरा महिन्यांच्या करारावर लागली, टेक्निकल असिस्टंट म्हणून. करार दरवर्षी नवा व्हायचा. चार वर्षं झाला.

काम काय होतं ते सांगतो, न्हाईतर पुढचं कळणार न्हाई. आपल्या अंगात डीएनएचा धागा असतोय, दोन पदराचा, पीळ घातलेला. त्याची नक्कल करायची तर आधी पीळ उकलावा लागतोय. ते उकलायचं काम एक प्रथिन करतंय, धाग्यावर बसून पुढं पुढं सरकत जातंय. आमचे सर, मडिवाळप्पा सर, हेच्यावरच संशोधन करतेत. आधीच्या काळी म्हणं नळीत कोट्यवधी प्रथिनं एकदम घ्यायचे आन् सगळ्यांचा मिळून हिशोब लावायचे. आता एकच धागा काचेवर एका टोकानं चिकटवतेत, पाण्याच्या धारेनं ताणतेत, आन् त्याच्यावर एकच प्रथिन चालताना बघतेत. प्रथिनाला चमकणारा रंग लावलेला असतोय. अंधाऱ्या खोलीत निळा लेझर मारला की पडद्यावर हिरवा ठिपका दिसतोय, मुंगीसारखा धाग्यावरून सरकत जाणारा.

हे मला पंचशीलानंच दाखवलं. एकतीस वर्षांत मला त्या पडद्यापुढं बस म्हणणारी ती एकटीच. मी म्हणलं, आमचा बाप सांगायचा की लांबून कळप बघितला तर धुरळाच दिसतोय, कोणतं मेंढरू लंगडायलंय ते बघायचं तर एकेकाच्या मागून चालावं लागतंय. ती म्हणली, मामा, एका वाक्यात आमचा सगळा विषय सांगितलात. मग कुणी पाहुणे आले की ती माझं नाव घेऊन हेच सांगायची.

आता ध्यानात घ्या. एक ठिपका बघायचाय, म्हणजे काचेवर दुसरा एक बी खोटा ठिपका चालत न्हाई. धुळीचा कण, साबणाचा अंश, बोटाचा तेलकटपणा, काही बी चमकलं की खेळ खलास. म्हणून काच तेजाबात घालायची, मग क्षारात, मग पाण्यात पुन्हा पुन्हा, मग वाळवायची, मग वर एक लेप द्यायचा, प्रथिन काचेला चिकटू नये म्हणून. वाळवायला स्वच्छ हवेचं एक कपाट होतं. त्याच्या मागच्या जाळीतून गाळलेली हवा सारखी पुढं येती, म्हणजे धूळ बसत न्हाई. सगळ्या संशोधनाचा पाया म्हणजे ती काच, आन् ती काच पंचशीलाची. सर मोठे, पीएचडीवाला महांतेश हुशार, सगळं कबूल. पण तिची काच नसती तर हे सगळे अंधारात बसून भिंतीकडं बघत राहिले असते.

आता दसऱ्याचं सांगतो. आमच्याकडं खंडेनवमीला हत्यारं पुजायची चाल हाय. शेतकरी नांगर पुजतो, ड्रायव्हर गाडी पुजतो, कन्नड माणसं आयुधपूजा म्हणतेत. मग केंद्रातल्या मशिनी कामून सुटतील? एकतीस वर्षं ही पूजा माझ्या हातची. लेझरच्या पेटीला हार, सूक्ष्मदर्शकाला हळदकुंकू, फ्रीजला, कॉम्प्युटरला, उंबऱ्यावर नारळ. नारळ सर स्वतः फोडतेत. आन् एक नेम हाय, पूजेचं लावलेलं पुसायचं न्हाई, आपोआप जाऊ द्यायचं.

त्या वर्षी पंचशीला आदल्या दिवशी मला म्हणलीती, मामा, जमलं तर पूजा खोलीच्या बाहेर करा, आत काचा असतेत. मी सरांना विचारलं. सर म्हणले, इतकी वर्षं करायलोय, काय झालं? विषय संपला. ती सुट्टीवर गेली. दसरा म्हणजे त्यांचा धम्मचक्र प्रवर्तनाचा दिवस, कमठाण्याच्या विहारात सगळं गाव गोळा होतंय. तेवढी तीन दिवसांची सुट्टी ती वर्षातून एकदा मागायची.

मी पूजा केली. स्वच्छ हवेच्या कपाटाला पुढं गुळगुळीत काच, त्याच्यावर हळद ठरेना. मी कपाटाचा पंखा बंद करून आत हात घातला आन् मागच्या जाळीवर पाच बोटं उठवली. करंटची भीती म्हणून कोरडीच हळद लावली, भरपूर. नंतर महांतेशनं येऊन पंखा चालू केला. पंचशीला आली तवर जाळीवर डोळ्याला दिसण्यासारखं काही राहिलं नव्हतं. सूक्ष्मदर्शकावरचं हळदकुंकू तेवढं तिला दिसलं, ती स्पिरिटच्या कापसानं पुसायला लागली, तर महांतेश अंगावर आला. पूजेचं पुसू नये एवढं बी कळत न्हाई का म्हणून. तिनं ऐकून घेतलं आन् पुसलं ते पुसलंच.

पुढच्या महिन्यात महांतेश भलता खुशीत. धाग्यावरचे ठिपके सरकता सरकता थांबायलेत म्हणं, बसल्या जागी चमकत राहायलेत. नवा शोध लागला. प्रथिन उकलता उकलता अडतं, असं जगात कुणी बघितलं न्हाई. पंचशीला त्याला म्हणली की प्रत्येक खेपेला एक कोरी काच आधी बघा, धागा नसलेली, प्रथिन नसलेली, नुसती काच. तो म्हणला, लेझरचा वेळ वाया घालवायला लावू नको. सरांनी बी त्याचीच री ओढली. आन् हा बहाद्दर काय करायचा, धाग्याच्या जवळचे ठिपके तेवढे निवडून मोजायचा, लांबचे सोडून द्यायचा.

डिसेंबरात बेंगळूरहून एक मोठ्या बाई बघायला आल्या. त्यांनी सगळं ऐकलं आन् एकच गोष्ट विचारली, कोरी काच बघितली का?  त्यांनी तिथंच लावायला सांगितली. कोरी काच, वर नुसतं पाणी, आन् पडद्यावर आभाळभर चांदण्या. महिन्याभराचा शोध गेला वाहून. बाई चांगल्या होत्या, काही बोलल्या न्हाईत, चहा पिऊन गेल्या. त्या फाटकाबाहेर पडल्या की इकडं सुरू झालं.

नाचता येईना अंगण वाकडं. महांतेश म्हणला काचाच घाण. सर म्हणले काचा कोण धुतंय? सुट्टीवरून आल्यावर हिचं मन थाऱ्यावर नव्हतं, घाईघाईत धुतल्या असतील. आन् मग महांतेशनं एक वाक्य टाकलं, "काही लोकांना स्वच्छता शिकवून येत न्हाई." अहो, हा शब्द कुणासाठी जपून ठिवलेला असतोय हे मला कळत न्हाई व्हय? मी त्याच मातीतला हाय. आमच्या आळीत बी हेच बोलत आलेत, माझी आई बी बोलायची. पण एम.एस्सी. झालेल्या पोरीला, तेजाबानं बोटं सोलून घेतलेल्या पोरीला, पांढऱ्या कोटातल्या माणसानं हे म्हणावं? खोलीत सहा जण होते. संध्या म्हणून सरांचीच एक विद्यार्थिनी हाय, तिनं मान खाली घातली. बाकीचे ऐकून न ऐकल्यासारखे.

पंचशीला रडली न्हाई, भांडली न्हाई. दुसऱ्या दिवशीपासून तिनं एकेक गोष्ट बदलून बघायला घेतली. नवं पाणी, ठिपके हायेत. नव्या बाटलीतलं तेजाब, हायेत. नवं भांडं, हायेत. शेवटी निम्म्या काचा कपाटात वाळवल्या आन् निम्म्या झाकणाच्या काचेच्या डबीत, कपाटाबाहेर. डबीतल्या काचा काळ्याभोर, एक ठिपका न्हाई. कपाटातल्या चमकायलेत. मग तिनं तेच ठिपके लेझरखाली तसेच ठिवले, तर थोड्या वेळात विझले. तिनं काही काचा गच्चीवर उन्हात ठिवल्या, काही अंधारात. उन्हातले ठिपके गेले, अंधारातले राहिले. मला विचारायला लागली, मामा, उन्हात कशाचा डाग उडतोय? मी म्हणलं, हळदीचा, बायका हळदीची लुगडी उन्हातच टाकतेत. बोललो आन् तरी माझ्या टाळक्यात उजेड पडला न्हाई. ती मात्र तिथंच थांबली.

गुरुवारी दुपारी सरांच्या खोलीत आठवड्याची बैठक असती. मी चहाचा ट्रे घेऊन आत गेलो तर टेबलावर त्या कपाटाची जाळी, सहा स्क्रू काढून आणलेली. पंचशीलानं ओल्या कापसानं जाळीची मागची बाजू पुसली. कापूस जरासा पिवळट झाला, धुळीसारखाच. मग ती माझ्याकडं वळून म्हणली, "मामा, तंबाखूचा चुना द्या जरा."

तवा मला कळलं.  हळदीला चुना लागला की लाल होती, हे आमच्याकडं शेंबड्या पोराला ठाऊक हाय. मी खिशातून डबी काढली, तिच्या हातावर ठिवली.  तिनं चुना पाण्यात कालवला, थेंब कापसावर टाकला. कापूस लालभडक झाला. टेबलाभोवतीची सगळी माणसं त्या कापसाकडं बघत राहिली.

ती म्हणली, सर, पूजेची हळद हाय. जाळीच्या भोकांतून मागं जाऊन बसलीय, पंखा चालू झाला की प्रत्येक काचेवर कण उडायलेत. निळ्या उजेडात हळद हिरवी चमकती. कुणी लावली, हे तिनं सांगितलं न्हाई. तिला ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं, पूजा कोण करतंय ते. तिनं माझ्याकडं बघितलं सुद्धा न्हाई, आन् मी ट्रे धरून खांबासारखा उभा.

मला वाटलं, आता सर म्हणतील, पोरी, चुकलं आमचं. सर काय म्हणले? म्हणले, झालं ते झालं, जाळी धुऊन टाका, कागदावर धूळ लिहा. केंद्रात पूजेमुळं संशोधन बुडालं असं बाहेर गेलं तर बोंब होईल. लोकांच्या भावनांचा प्रश्न हाय. "आन् ते सांगणारी तू म्हणल्यावर तर आणखीनच." मग त्यांनी एक कागद पुढं सरकवला. त्यात लिहिलेलं की काचा धुण्यात माझ्याकडून निष्काळजीपणा झाला, पुन्हा होणार न्हाई. खाली तिचं नाव. सही कर म्हणले, म्हणजे करार पुढं चालवता येईल, वरच्या कचेरीला काहीतरी कारण द्यावं लागतंय.

चोर सोडून संन्याशाला फाशी ऐकलं होतं. इथं संन्याशानं चोर पकडून दिला, तरी फाशी त्यालाच.

पंचशीलानं कागद वाचला, शांतपणे, दोनदा. म्हणली, "सर, माझ्या काचा घाण होत्या का? एवढंच सांगा." सर म्हणले, चूक कुणाची का असेना, काच तुझ्या हाताखालची. ती म्हणली, मग सही करणार न्हाई. कागद तसाच परत सरकवला, जाळी उचलली, धुवायला घेऊन गेली. मी चहा वाटला. होय, चहा वाटला मी. तोंड उघडून पाच शब्द बोलायचे होते, हळद मी लावली सर, एवढेच. साखर किती म्हणून विचारत फिरलो.

महिनाअखेरीला करार संपला. नवा निघाला न्हाई. जाताना तिनं नव्या येणाऱ्या पोरासाठी काच धुवायची सगळी रीत सहा पानांवर लिहून भिंतीला लावली. मला म्हणली, येते मामा. मी म्हणलं, जपून जा. एवढंच सुचलं.

यंदा श्रावणात, साफ काचांवर नव्यानं केलेल्या प्रयोगांचा सरांचा लेख परदेशातल्या मासिकात छापून आला. केंद्रात पेढे वाटले. महांतेश माझ्या पाठीवर थाप मारून म्हणला, "माणिकप्पा, तुझं बी नाव हाय बग." मला इंग्रजी येत न्हाई. मी संध्याला बाजूला घेतलं आन् सगळं वाचून दाखव म्हणलं. तिनं आधी काच धुण्याचा भाग वाचला. तेजाब, क्षार, पाणी फाटतंय का बघायची परीक्षा, प्रत्येक खेपेला एक कोरी काच. भिंतीवरची सहा पानं जशीच्या तशी. मग शेवटी आभार. लेझर दुरुस्त करणारा माणूस, बेंगळूरच्या बाई, आन् मदतीबद्दल माणिकप्पा. मी विचारलं, पंचशीला? संध्यानं मान हलवली. मी पुन्हा वाचायला लावलं. न्हाई म्हणली, कुठंच न्हाई.

हळद घालणाऱ्याचे आभार, आन् हळद शोधणारीचा पत्ता न्हाई. मी तो पेढा तोंडातून थुंकला. एकच चूक, माझ्या हातनं झाली तर भक्ती, तिच्या माथी मारली तर घाण. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कारटं, पण ह्याला बी काही हद्द असती का न्हाई? आन् मी त्या दिवशी गप बसलो म्हणूनच मी त्यांचा बाब्या, हे कळायला मला छापील कागद लागला.

रविवारी बस धरून बिदरला गेलो. पंचशीला आता तिथल्या मैलूर भागातल्या एका रक्त तपासायच्या लॅबमध्ये हाय, वरच्या मजल्यावर भाड्याच्या खोलीत राहती. तिनं चहा केला. मी कागद पुढं ठिवला, सगळं सांगितलं, हळदीचं, ट्रेचं, पेढ्याचं. सांगता सांगता मला रडू आलं. तिनं ते सगळं ऐकून घेतलं. समजूत काढली न्हाई, माफ केलं बी म्हणली न्हाई.

"मामा," ती म्हणली, "तुम्ही गप बसलात ते मला त्याच दिवशी दिसलं. माझ्यापुढं येऊन कशाला रडायलात? ज्यांच्यापुढं गप बसलात, तिथं बोला."

परतीच्या बसमध्ये मला तिचा राग आला, खोटं कशाला बोलू. एवढ्या लांब आलो, दोन गोड शब्द तरी बोलायचे. हुमनाबाद येईतो तो राग उतरला आन् नुसती शरम राहिली.

परवा गुरुवारी बैठक होती. सगळे तेच, सर, महांतेश, संध्या. मी ट्रे बाहेर ठिवला, मोकळ्या हातानं आत गेलो आन् दार लावून घेतलं. सर म्हणले, चहा कुठाय? मी खिशातून अर्ज काढला. संध्यानं इंग्रजीत करून दिलेली एक प्रत मासिकवाल्यांना पोस्टानं आदल्या दिवशीच गेलीय, हे बी सांगितलं. सर उठून उभे राहिले, म्हणले माणिकप्पा, तुझी सात महिने नोकरी राहिलीय, शहाणा हो. मी अर्ज वाचायला लागलो. मराठीतच लिहिला होता, माझ्या अक्षरात, म्हणून वाचता आला.

"मी, माणिकप्पा, शिपाई. कपाटाच्या जाळीला हळद मी लावली. आभारातलं माझं नाव काढा आन् पंचशीला नागसेन, कमठाणा, हिचं नाव घाला. तिच्या काचा साफ होत्या."